विषय: सोलापूरच्या घरच्या टीव्हीवर नवे मराठी सिनेमे: खातं इथून काढायचं की तिथून?

प्रेषक: सभासद, लंडन

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापूरला आई-बाबांकडे ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, आठ वर्षांपूर्वीचा. नवे मराठी सिनेमे आणि मालिका त्यांना आपल्या आपण रिमोटवरून लावता याव्यात, एवढीच अपेक्षा. मी इथून खातं काढून पासवर्ड दिला तर चालेल का? नेट आहे, पण राउटर दारातल्या खोलीत आणि टीव्ही मधल्या खोलीत. चित्र अडकत अडकत चालतं आणि 'ते लोक काय बोलतात ते कळत नाही' ही रोजची तक्रार. पाहण्यासारखं काय आहे तेही सुचवा.

——

प्रेषक: सभासद, सोलापूर (विजापूर रोड)

दादा,

> मी इथून खातं काढून पासवर्ड दिला तर चालेल का?

नका देऊ. खातं सोलापुरातच काढा, बाबांच्या मोबाइल नंबरावर. सिनेमाचे हक्क देशवार विकले जातात, त्यामुळे तुम्हाला तिथे दिसणारी यादी आणि त्यांना इथे दिसणारी यादी एक नसते. शिवाय ओटीपी तुमच्या फोनवर येणार. ते रात्री साडेनऊला सिनेमा लावायला बसतील तेव्हा तुम्ही कामावर.

पैसेही इथूनच जाऊ द्या. भारतातल्या प्लॅनला परदेशी कार्ड बऱ्याचदा चालत नाही. बाबांच्या यूपीआयवर ऑटो-पे लावा. पहिल्यांदा पिन टाकला की पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही, फक्त पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना येते. गडबड इथेच होते. सूचना बघून घरचे घाबरतात, कोणीतरी लुबाडतंय म्हणून मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) रद्द करून टाकतात, आणि पुढच्या महिन्यात 'टीव्ही बिघडला' असा फोन येतो. त्यांना आधीच सांगून ठेवा.

कुठलं ॲप घ्यायचं ते घरात कुठली वाहिनी लागते त्यावर. झी मराठीच्या मालिका झी५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही जिओहॉटस्टारवर. हॉटस्टार आणि जिओसिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ ला एक झाले, तेव्हा जुनी चिन्हं टीव्हीवर पडून असतील तर काढून टाका, नाहीतर आई नेमकं तेच दाबणार. सगळी ॲप्स एकदम घेण्यात अर्थ नाही. एक घ्या, दोन महिने बघा, मग बदला. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नका, तो फोन-टॅबवरच चालतो, टीव्हीवर नाही.

आता टीव्ही. आठ वर्षांच्या स्मार्ट टीव्हीत ॲपच्या नव्या आवृत्त्या येणं बंद झालेलं असतं, त्यामुळे ॲप उघडतं आणि मध्येच बंद पडतं. टीव्ही बदलू नका, नावाजलेल्या कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक लावा, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणारी, ॲप्स चालवणारी छोटी कांडी. बाजारात निम्म्या किमतीत बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स मिळतात, ते नको. वाइडवाइन नावाची कॉपी-संरक्षणाची व्यवस्था असते. त्या बॉक्समध्ये बहुतेक वेळा तिची खालची पातळी, म्हणजे एल३ असते. ॲप चालू होतं, पण चित्र ४८० रेघांच्या आसपासच, म्हणजे धूसर, अडकतं. मग लोक नेटवाल्याशी भांडतात, आणि नेटचा काही दोष नसतो.

स्टिक लावताना दोन गोष्टी बघा. पहिली, सोबतचा चार्जर भिंतीच्या प्लगलाच लावा. टीव्हीच्या यूएसबीतून साधारण अर्धा अँपिअरच मिळतो, तेवढ्यावर स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. दुसरी, डब्यात जी वीतभर एचडीएमआय वायर येते ती फेकून देऊ नका. टीव्हीच्या पाठीशी चिकटून बसलेली स्टिक आपल्या मे महिन्यात सणकून तापते आणि मग चित्र थांबतं. वायर जोडून तिला हवेशीर ठेवली की निम्मा त्रास जातो.

नेट. हाय डेफिनिशनला ५ एमबीपीएस वेग पुरे, ४के ला १५ लागतात. पण मोजायचं टीव्हीपाशी, राउटरपाशी नाही. फोन टीव्हीजवळ धरून फास्ट डॉट कॉम उघडा. राउटरजवळ ४० आणि टीव्हीजवळ ४ दिसले तर अडचण भिंतीची. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण जाड भिंतीपुढे दमतं, २.४ वालं हळू, पण पलीकडे पोचतं. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या आणि स्टिक २.४ ला जोडून बघा. त्यानेही भागलं नाही तर दारातल्या खोलीतून कॅट ६ केबल ओढून घ्या, स्टिकसाठी वेगळा इथरनेट ॲडॅप्टर मिळतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबू नका: चांगल्या चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत जातात, रोज २ जीबीचा पॅक मध्यंतरापर्यंतही पुरत नाही.

> ते लोक काय बोलतात ते कळत नाही

हे वयाच्या माथी मारू नका. सिनेमाचा आवाज ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक घुमणारा, अशा सहांसाठी वाटलेला असतो, संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली तोंड करून. मिसळण्यात संवाद दबतात आणि ढोल वर येतात. स्टिक ॲमेझॉनची फायर टीव्ही असेल तर सेटिंग्ज, डिस्प्ले अँड साउंड्स, ऑडिओ, सराउंड साउंड, आणि तिथे 'पीसीएम' (साधा, दोन स्पीकरचा आवाज) निवडा. सिनेमा चालू असताना ऑडिओच्या यादीत 'मराठी' आणि 'मराठी ५.१' दोन्ही दिसले तर साधं 'मराठी' घ्या. एवढ्याने बराच फरक पडतो.

जाता जाता, सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर टीव्हीतली हालचाल सुधारण्याची सोय बंद करा. एलजीत तिला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. आणि वर-खाली काळे पट्टे हा दोष नाही. झूम केलं की सबटायटल कापली जातात.

——

प्रेषक: सभासद, म्युनिक

काका, आमच्या घरी, अक्कलकोट रोडला, आजीला तेलुगू सिनेमे हवेत आणि दर वेळी हिंदीतच सुरू होतात. तसंच इथे एक जण वर्षाचे एकदम पैसे घेऊन 'सगळ्या भारतीय वाहिन्या' देणारा बॉक्स देतोय. घ्यावा का?

——

प्रेषक: सभासद, सोलापूर (विजापूर रोड)

ताई, आपल्याकडे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू नांदतात, पण ॲपला ते ठाऊक नसतं. ते प्रोफाइलची भाषा बघतं. आजीचं वेगळं प्रोफाइल करून भाषेत तेलुगू टाका. तरीही हिंदी लागलं तर सिनेमा चालू असताना रिमोटचं खालचं बटण दाबा, 'ऑडिओ व सबटायटल' येईल, तिथे तेलुगू निवडा. हे बटण ॲपगणिक वर किंवा खाली असतं, म्हणून आजीला कागदावर लिहून देताना ॲपचं नावही लिहा. फक्त तेलुगूच बघायचं असेल तर 'आहा' हे वेगळं ॲप आहे. डब केलेलं शक्यतो टाळा, ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरा.

बॉक्स घेऊ नका. तो चोरीचा माल असतो. उद्या बंद पडला तर पैसे कोणाकडे मागणार? भारतात सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर चोरून चित्रीकरण आणि प्रसारण करणाऱ्याला किमान ३ महिने कैद आणि ३ लाख रुपये दंड आहे.

——

प्रेषक: सभासद, लंडन (ग्रंथालय समिती)

यंत्रतंत्र झालं, आता बघायचं काय ते मी सांगते.

पहिल्या रात्री 'आता थांबायचा नाय' (२०२५) लावा, झी५ वर. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, घरातल्या सगळ्यांना चालेल. दुसऱ्या रात्री 'वाळवी' (२०२३, दिग्दर्शक परेश मोकाशी), तोही झी५ वर. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला होता. त्याचा शेवट आधी कोणी सांगितला तर सिनेमा वाया जातो, म्हणून शेजारच्या काकूंना नंतर बोलवा.

मालिकांपैकी 'मानवत मर्डर्स' (२०२४, सोनी लिव्ह) चांगली बांधली आहे, पण परभणी जिल्ह्यातल्या १९७० च्या दशकातल्या खुनांवर आहे आणि बळींत लहान मुली आहेत. नातवंडं घरी असतील तर नको. रोज जेवताना लावायला 'महाराष्ट्राची हास्यजत्रा', त्याच ॲपवर.

आणि नवा नसला तरी एक सोलापूरकरांचा: 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', १९४६. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, १९१० चा. शांतारामबापूंनी दिग्दर्शनही केलं आणि भूमिकाही. भारतात सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, त्यामुळे हा केव्हाच खुला झाला आहे.

भाड्याने घेणार असाल तर प्राइम व्हिडिओवर ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा. बाबा अर्ध्यावर झोपणारे असतील तर शुक्रवारी रात्री लावू द्या, शनिवारी उरलेला.

——

प्रेषक: सभासद, लंडन

आभार. एक राहिलं: वीज गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही चालू राहतो, पण नेट दोन-तीन मिनिटं जातं आणि सिनेमा परत पहिल्यापासून लागतो. राउटरच्या ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलंय.

——

प्रेषक: सभासद, सोलापूर (विजापूर रोड)

बदलाच्या त्या क्षणी राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो, म्हणून. इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, तो 'यूपीएस'वर करून बघा, बदल झटक्यात होतो. मात्र त्या मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली उतरलं की तो बॅटरीवर जातो. तुमच्या भागात संध्याकाळी दिवे मंदावत असतील तर बॅटरी विनाकारण उतरेल. तसं असेल तर खटका होता तिथेच ठेवा आणि राउटरसाठी १२ व्होल्ट, २ अँपिअरचा छोटा यूपीएस घ्या. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर जास्त चालतात. फायबरची डबी (नेटची तार जिथे येते ती) राउटरहून वेगळी असेल तर दोन पिना असलेला यूपीएस घ्या. पिनेच्या आतली बाजू अधिक (+) आहे ना, ते ॲडॅप्टरवरच्या गोल चिन्हात बघून घ्या, मगच जोडायला सांगा.