मेकफाइलमधे रूलचा क्रम बदलला की बिल्ड का बिघडतं?

सी_शिकतोय:
मंडळी मदत हवीये. सी चा छोटा प्रोजेक्ट आहे, मेकने (मेकफाइलमधले रूल वाचून प्रोग्राम बनवणारं टूल) बिल्ड करतो, कॉन्फिग.एच ही हेडर स्क्रिप्टने तयार होते. अ‍ॅपच्या रूलमधे आधी कॉन्फिग.एच आणि मग मेन.ओ, युटिल.ओ (कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइल) असं लिहिलंय. साधं मेक मारलं की नीट होतं पण मेक -जे८ (एकाच वेळी आठ जॉब) मारलं की कधी होतं, कधी कॉन्फिग.एच सापडत नाही म्हणून एरर. मग तिचा रूल उचलून सगळ्यात वर टाकला तर आता नुसत्या मेकने तेवढी एकच फाइल बनते, अ‍ॅप बनतच नाही. क्रमाला महत्त्व आहे की नाही नक्की?

ग्राफवाला:
रूल वर लिहिला म्हणून आधी चालत नाही. मेक आधी अख्खी फाइल वाचून ग्राफ, म्हणजे कशाला काय लागतं याचा नकाशा, बनवतं, मग कामाला लागतं. पहिल्या रूलचा मान एवढाच की नुसतं मेक म्हटलं की तोच डिफॉल्ट गोल, म्हणून ऑल (सगळं बनवायला सांगणारा रूल) कायम वर ठेवा. अ‍ॅपसमोरची यादी डावीकडून उजवीकडे होते खरी, पण एका वेळी एकच जॉब असेल तर. -जे दिलं की तिन्ही एकदम सुटतात, कारण मेन.ओला कॉन्फिग.एच लागतं हे तुम्ही कुठे सांगितलंच नाहीये.

सी_शिकतोय:
पण हेडरची यादी जीसीसीच्या -एमएमडीने .डी फाइलमधे निघते ना, तरी हाताने लिहायचं?

जुना_मेकवाला:
हो, कारण पहिल्या बिल्डला .डी फाइल नसतातच. सगळ्या ऑब्जेक्ट फाइलना उभी रेघ देऊन पुढे कॉन्फिग.एच लिहा, हे ऑर्डर-ओन्ली, म्हणजे ती आधी बनेल पण ती बदलली म्हणून सरसकट सगळं परत कंपाइल होणार नाही, ज्यांनी खरंच इन्क्लूड केलीये तेवढ्याच फाइल पुढच्या वेळी .डी बघून होतील. ही ओळ ऑब्जेक्टच्या यादीच्या व्हेरिएबलच्या खालीच हवी, टार्गेट (रूलमधे जे बनवायचं त्याची नावं) फाइल वाचतानाच एक्स्पांड होतात त्यामुळे व्हेरिएबल नंतर आलं तर यादी रिकामी आणि मेक चकार शब्द काढत नाही. आणि .डी चं इन्क्लूड ऑलच्या वर नको, नाहीतर त्यातलाच पहिला टार्गेट डिफॉल्ट होतो.

ग्राफवाला:
+१. मेक ४.४ असेल तर --शफल देऊन बघा, प्रीरिक्विझिटचा (टार्गेटला आधी लागणाऱ्या फाइलचा) क्रम मुद्दाम पिसतं, अशा राहिलेल्या डिपेंडन्सी लगेच उघड्या पडतात. टीममधे कुणी मॅकवर असेल तर अजून एक, तिथलं मेक ३.८१ आहे, त्यात एकाच फाइलला दोन पॅटर्न रूल (% वापरून अनेक फाइलसाठी लिहिलेले) जुळले तर फाइलमधे आधीचा घेतात, ३.८२ पासून ज्याचा स्टेम (% च्या जागी बसलेला भाग) छोटा तो. नेमका पॅटर्न वर आणि ढोबळ खाली ठेवला की दोन्हीकडे सारखं चालतं.