रविवारी फोनवर कोणता ब्राउझर घालायचा? भाषांच्या यादीचा प्रश्न शिल्लक

प्रेषक: कार्यवाह

सर्व सभासदांस नमस्कार.
मागच्या खेपेस राहिलेले फोन येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वरच्या खोलीत घ्यायचे आहेत. जाहिराती आणि पाळत टाळण्यासाठी मागच्या खेपेस आपण प्रत्येक फोनवर फायरफॉक्स हा ब्राउझर घातला, त्याला यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे साधन जोडले आणि फोनची भाषा मराठी केली. खानापूरच्या सरांनी त्यानंतर, ब्राउझर संकेतस्थळांना पाठवतो त्या भाषांच्या यादीवर हरकत घेतली आहे. शुक्रवारपर्यंत तिचा निर्णय झाला नाही, तर मी पूर्वीप्रमाणेच काम पुढे नेईन. ब्राउझर मुक्त स्रोताचाच, म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही पाहता येते असाच, असावा हे सभेत ठरलेले आहे, तो विषय कृपया पुन्हा काढू नये.

प्रेषक: खानापूर

कार्यवाह महोदय,
दूरध्वनीवर मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ब्राउझर एखादे पान मागवतो तेव्हा त्या मागणीबरोबरच आपल्याला कोणत्या भाषा चालतात याची क्रमवार यादीही पाठवतो. मागच्या खेपेस आपण बहुतेक फोनांत पहिली मराठी, दुसरी कन्नड आणि तिसरी इंग्रजी असा क्रम लावला. पुण्याचा मनुष्य मराठी आणि इंग्रजी ठेवील, धारवाडचा कन्नड आणि इंग्रजी ठेवील. मराठीच्या मागोमाग कन्नड ठेवणारा बहुधा निपाणी ते खानापूर या आपल्या बेळगावच्या पट्ट्यातलाच असणार. त्यात फोनचे मॉडेल आणि पडद्याचा आकार मिळवला की कुकी, म्हणजे संकेतस्थळांनी फोनात ठेवलेल्या खुणा, पुसून टाकल्या तरी तोच फोन पुन्हा ओळखणे सोपे होते. यूब्लॉक ओरिजिन माग काढणाऱ्या पुष्कळशा स्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर येणारे छोटे प्रोग्राम, अडवते, पण ही यादी मूळ मागणीतच जात असल्यामुळे आपण उघडलेल्या संकेतस्थळापर्यंत ती पोहोचतेच. ओळख लपवण्यासाठी बनवलेला संगणकावरचा टॉर ब्राउझर याच कारणाने वापरणाऱ्याला इंग्रजी पाने मागवण्याचा पर्याय देतो. म्हणून फोन इंग्रजीतच ठेवावेत, असे माझे मत आहे.

प्रेषक: टिळकवाडी

सर, आपले म्हणणे मला समजले, पण ते मान्य करता येत नाही.
गुडघेदुखीवरचा एक लेख मी वाचला आणि त्यानंतर कित्येक दिवस, वर्तमानपत्र उघडले तरी, तेलाच्या आणि पट्ट्यांच्या जाहिराती माझा पाठलाग करीत होत्या. मंडळाने ब्राउझर बदलून दिल्यावर ते थांबले, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. परंतु त्याआधी माझा फोन इंग्रजीत होता, आणि एखादे पान ठावठिकाणा मागे किंवा सूचना पाठवण्याची परवानगी मागे, तेव्हा मी वाचल्याशिवाय हो म्हणत असे, कारण खिडकी बंद झाल्याशिवाय पुढचे दिसत नसे. तोच प्रश्न मराठीत आला तेव्हा मी पहिल्यांदा नाही म्हटले. ज्या बाईला प्रश्नच कळत नाही, तिची भाषांची यादी लपवून तिचे कोणते खासगीपण राखले जाणार आहे?
एक वेगळी अडचण आहे. फेसबुकवर आलेला दुवा दाबला की तो फायरफॉक्समध्ये न उघडता त्या ॲपच्या पोटातच उघडतो, आणि तिथे जाहिराती पुन्हा दिसतात. यावर रविवारी काही करता येईल का?

प्रेषक: संगणक वर्ग, शहापूर

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर: त्या ॲपच्या सेटिंगमध्ये दुवे बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय मिळाला तर तो निवडावा, नाहीतर दुवा दाबून धरून त्याची प्रत घ्यावी आणि ती फायरफॉक्समध्ये चिकटवावी. फायरफॉक्स हा मूळ ब्राउझर म्हणून निवडलेला आहे ना, हेही फोनमध्ये पाहावे.
आता मुख्य विषय. मंडळाचा संगणक वर्ग मी अनेक वर्षे चालवीत आहे आणि फोनवर काय घालायचे हे ठरवण्यापूर्वी मला विचारले गेले असते, तर ब्रेव्ह या ब्राउझरचे नाव मी तेव्हाच सुचवले असते. ब्रेव्हही मुक्त स्रोताचा आहे. २०२२ पासून तो संकेतस्थळांना भाषांची सगळी यादी न देता पहिलीच भाषा कळवतो. जाहिराती अडवण्याची सोय त्यात मुळातच असल्यामुळे वेगळे काही जोडावे लागत नाही, आणि वयस्कर सभासदांच्या दृष्टीने हे लहान काम नव्हे. सरांची हरकत आणि काकूंची गरज या दोन्हींची सोय त्यात होते.

प्रेषक: निपाणी

ब्रेव्हबद्दलच लिहितो. २०२० साली त्याच्या पत्त्याच्या पट्टीत आभासी चलनाच्या एका बाजाराचा पत्ता लिहिला की कंपनीचा स्वतःचा संदर्भ-संकेत, म्हणजे ग्राहक पाठवल्याबद्दल दलाली मिळवून देणारी खूण, आपोआप जोडला जात असे. हे उघडकीस आल्यावर प्रमुखांनी चूक कबूल केली आणि ती सुधारली, हे खरे. पण आभासी चलनाचे पाकीट आजही त्या ब्राउझरमध्ये आहे, आणि आमच्याकडच्या ज्येष्ठांच्या फोनवर ते असू नये असे मला कळकळीने वाटते. शिवाय त्याचा पाया क्रोमियमचा, म्हणजे मुख्यतः गूगलने घडवलेला. फायरफॉक्सचे गेको हे इंजिन, म्हणजे पाने उघडून दाखवणारा आतला भाग, स्वतंत्र आहे.
फायरफॉक्सही धुतल्या तांदळासारखा आहे असे मी म्हणत नाही. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलला मूळ शोधयंत्र ठेवण्याबद्दल मिळतो, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत वापराच्या अटी बदलताना त्यांनी माहिती कधीच विकणार नाही हे जुने आश्वासन काढले, तेव्हा मीही अस्वस्थ झालो होतो. म्हणून रविवारी प्रत्येक फोनात शोधयंत्र बदलावे, वापराची माहिती पाठवण्याचे पर्याय बंद करावेत आणि मागोवा-संरक्षण कडक ठेवावे. एवढे केल्यावर मला तोच जवळचा वाटतो.

प्रेषक: कडोली

मी वकिली करते, म्हणून लिहिते. ब्राउझरमधले इनकॉग्निटो, म्हणजे खासगी खिडकी, उघडले की कोणी पाहत नाही, ही समजूत मला पक्षकारांमध्ये रोज भेटते. त्याने फोनमधला इतिहास उरत नाही, एवढेच. संकेतस्थळाला आपण दिसतोच. क्रोमच्या याच सोयीवरून अमेरिकेत गूगलवर २०२० साली दावा झाला आणि २०२४ मध्ये जमवलेली माहिती नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये ज्या खटल्यात म्हटले, तो आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी लढवला होता. हे रविवारी सभासदांना अवश्य सांगावे.
आयफोनवाल्यांना मात्र आधीच कळवा. तिथल्या फायरफॉक्सच्या आत आपल्याकडे ॲपलचेच वेबकिट हे इंजिन चालते आणि यूब्लॉक ओरिजिन त्याला जोडता येत नाही.

प्रेषक: खानापूर

काकूंचे म्हणणे मी दोन दिवस मनात घोळवले आणि फोन इंग्रजीत ठेवण्याची सूचना मागे घेतो. परवानगीचा प्रश्न वाचता येणे हे फोन ओळखू देणारा ठसा पुसट करण्यापेक्षा मोठे आहे, हे मला आधी सुचायला हवे होते.
तरीही यादीतून कन्नड काढावी, हा आग्रह मी सोडत नाही. मराठी आणि इंग्रजी एवढेच ठेवले, तर आपले फोन महाराष्ट्रातल्या कितीतरी फोनांत मिसळून जातील. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून, प्रदेश स्थूलमानाने कळतो, हा आक्षेप शहापूरहून येईल. पण घरचे वायफाय आणि बाजारातला मोबाइल डेटा यांत तो पत्ता बदलतो, यादी बदलत नाही.

प्रेषक: येळ्ळूर

माझ्या घरी फोन एकच आहे आणि सून कन्नड शाळेत शिकवते. यादीतून कन्नड काढल्यावर तिला कन्नडमध्ये लिहिता येईल का? एका सरकारी संकेतस्थळावरून शेताचा उताराही तीच काढते, आणि ते पान फायरफॉक्समध्ये अर्धेच उघडते.

प्रेषक: संगणक वर्ग, शहापूर

लिहिता येईल. कळफलकाची भाषा त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जोडता येते, त्यासाठी फोनच्या यादीत कन्नड असण्याची गरज नाही. उताऱ्याच्या पानावर पत्त्याशेजारच्या ढालीला स्पर्श करून तेवढ्यापुरते संरक्षण बंद करून पाहावे आणि यूब्लॉकही त्याच पानापुरते थांबवावे. तरीही न उघडल्यास ते एकच काम क्रोममध्ये करावे आणि तिथे दुसरे काही पाहू नये. आयपी पत्त्याबद्दल सरांशी मी समक्ष बोलेन.

प्रेषक: कार्यवाह

मग फायरफॉक्स कायम ठेवू, भाषा मराठी आणि नंतर इंग्रजी, कळफलकात कन्नड. मागच्या खेपेस झालेले फोनही यादी बदलण्यासाठी परत आणावेत. ज्यांना ब्रेव्ह हवा असेल त्यांना शहापूरचे सर तो पाकिटाचे चिन्ह लपवून घालून देतील. पडद्याचे कुलूप उघडण्याचा अंक ज्याचा त्याने लक्षात ठेवून यावा, तो आम्हाला सांगू नये. येळ्ळूरच्या अण्णांनी सूनबाईंना बरोबर आणावे, म्हणजे उताऱ्याचे पान तिथेच उघडून पाहता येईल.