मदत हवी आहे: साधं पाणी लागलं तरी चेहरा चुरचुरतो. सिरॅमाइड घेऊ की ‘प्रोबायोटिक’ क्रीम?

बोअरचं_पाणी:

मंडळी, वय ३४, राहते लातूरला. पाणी इतकं जड की गीझरच्या कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो. घरात लग्न होतं, म्हणून मी एकदम तीन उद्योग सुरू केले: ग्लायकोलिक ॲसिडचा (मृत त्वचा काढणारा) टोनर, १० टक्के नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी३ चा एक प्रकार) सीरम आणि वर स्क्रब. दहा दिवस चेहरा असा चकाकला की विचारू नका. मग गाल लाल, नाकाशेजारी पापुद्रे, आणि आता नुसतं पाणी मारलं तरी आग. कपाळावर बारीक, एकसारख्या, खाजणाऱ्या पुळ्या वेगळ्याच.

सगळं बंद करून आठ दिवस झाले. आई रोज रात्री खोबरेल चोळते. पुळ्या त्यानेच वाढल्यात असा मला संशय आहे, पण तिला सांगायचं कोणी!

पेशींच्या मधलं स्निग्ध लिंपण मी खरवडून काढलं, एवढं कळलंय. आता ते भरून यायला सिरॅमाइडचं (त्याच लिंपणातल्या एका स्निग्ध घटकाचं) महागडं क्रीम लागेलच का? नायसिनमाइड पुन्हा कधी? आणि ‘प्रोबायोटिक’ म्हणजे चांगले जंतू असलेलं म्हणून विकतात त्या क्रीमच्या घटकांत जंतू मारणारं प्रिझर्वेटिव्हही दिसतंय, मग त्यात जंतू जगतात कसे? मेडिकलवाल्याने बेटामेथासोनची ट्यूबही दिलीय, अजून उघडली नाही.

खारी_बिस्कीट:

ती उघडूच नका. ते स्टेरॉइड आहे. लाली दोन दिवसांत पळते म्हणून माणूस भुलतो, पण बरेच दिवस चेहऱ्यावर लावलं तर त्वचा पातळ होते आणि थांबवलं की लाली दामदुपटीने परत येते. माझ्या नणंदेने हे भोगलंय.

सिरॅमाइड घ्यायचंच तर घटकांत कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडही आहेत का बघा, लिंपण या तिघांचं असतं. बजेट नसेल तर ओलसर चेहऱ्यावर ग्लिसरीनवालं बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि रात्री गालांवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. जेली नवीन काही घालत नाही, पण आतलं पाणी उडू देत नाही. तेवढ्यात त्वचा आपली आपण सावरते. नायसिनमाइड त्वचेला स्वतःचं सिरॅमाइड बनवायला मदत करतं, पण २ ते ५ टक्के पुरे, आणि तेही आग पूर्ण थांबल्यावर.

जंतूंबद्दलचा तुमचा संशय रास्त आहे. अशा बहुतेक क्रीममध्ये लायसेट असतं, म्हणजे फोडलेल्या जंतूंचा अर्क. वाईट नाही, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मी तरी मोजणार नाही. आपल्या त्वचेवरच्या चांगल्या जंतूंना किंचित आंबट त्वचा मानवते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ५ च्या आसपास. अंगाचा साबण ९-१० चा असतो, तो चेहऱ्याला बंद. रात्री एकदा सौम्य फेसवॉश, सकाळी नुसतं पाणी.

कपाळाचं मात्र स्किनच्या डॉक्टरांना दाखवाच. मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे अशाच पुळ्या येतात, आणि तिला तेलातली फॅटी ॲसिड फार आवडतात.

बोअरचं_पाणी:

सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. खोबरेल आता टाचांना लावायचं ठरलंय. आई म्हणते, “मग चेहऱ्याला बेसन-लिंबू लावू या?”

खारी_बिस्कीट:

लिंबाचा पीएच २ च्या आसपास असतो हो! लिंबू पोह्यांवर पिळा.