मदत हवी आहे: पहाटेच्या रनिंगला कुत्रे मागे लागतात

पोलीस भरतीसाठी रोज पहाटे ५ ला १६०० मीटरची प्रॅक्टिस करतो. गाव दारव्हा तालुक्यात. ग्राउंड नाही, डांबरी रोडच आहे. मटणाच्या दुकानामागं उकिरड्यावर चार-पाच कुत्रे असतात, त्यात एक कुत्री नुकतीच व्यालेली. पळालो की मागे लागतात; सावकाश चाललो तर नुसते भुंकतात, पण मग टायमिंगची वाट लागते. काठी नेली तर जास्तच चवताळले. बिस्किटं टाकली, तर आता बिस्किटांसाठीच मागे येतात! पांदणीनं जावं तर चिखल अन् सापाची भीती. संध्याकाळी वावरातून यायलाच अंधार होतो. अजून चावले नाहीत. चावलं तर जखम साबणानं १५ मिनिटं धुऊन लगेच इंजेक्शन, हे माहीत आहे. मारायचं तर नाहीच. तेवढा १०० मीटरचा टप्पा चालत काढून पुढून घड्याळ लावू, की रोज दिसून दिसून त्यांना माझी सवय होईल? कोणाला अनुभव आहे का?