गुडघा बदललाय, आता घरी काय?

जोडीदाराचा गुडघा बदलून घरी आणला की पुढचे तीन महिने फिजिओचं निम्मं काम आपल्याच गळ्यात. आपबीती नको. पाय कशाने सुटला, कशाने अडला, तेवढं लिहा. देवधर्माचं कसं बसवायचं, तेही.

सांजवात :
उशी! दुखतंय म्हणून मायेने गुडघ्याखाली उशी सारली जाते आणि घोळ तिथेच होतो. वाकलेल्या पायाला आराम पडतो खरा, पण मागचे स्नायू आखडतात, शेवटचे पाच-दहा अंश पाय सरळ होत नाही आणि चाल लंगडी राहते. टॉवेलची घट्ट गुंडाळी करा, ती टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. बोलणी बसतील. बसू द्यात.

बिनसाखरेचा :
डॉक्टरांनी दिलेली दुखीची गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास, पोटात काहीतरी घालून. मग पाय सरळ ठेवून गुडघा गादीवर दाबायचा, पाच सेकंद, दहा वेळा. मोबाइलच्या टायमरपेक्षा मोठ्याने, सावकाश दोनदा 'राम कृष्ण हरी' म्हणवून घ्या. आकडा चुकत नाही आणि श्वासही कोंडला जात नाही. पुढे टाच गादीवरून मागे ओढणं. टाच अडत असेल तर खाली प्लॅस्टिकची पिशवी घाला, सर्रकन सरकते. शेवटी बर्फ, पंचात गुंडाळून, पंधरा मिनिटं. टाके कोरडे राहिले पाहिजेत.

संध्याकाळची सूज काही महिने राहते, तिला घाबरू नका. पोटरी ताठ होऊन दुखली, ताप आला, टाक्यांतून पाणी आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला, छातीत दुखलं तर फोनाफोनी नको, थेट इस्पितळ.

ओसरी :
जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. आपण दोन्ही वेळा खालच्या पायरीवर. दंड धरून ओढू नका, तोल जातो. कमरेला पट्टा बांधून तो धरा. "अहो, जरा उठवा ना" म्हटलं की लगेच हात देऊ नये, आधी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू द्यावं.

तुळशीकट्टा :
पूजेचं सांगते. मांडी आणि साष्टांग नमस्कार सध्या विसरा. बैठक गुडघ्याच्या उंचीची, हातांची खुर्ची घ्या आणि देव टेबलावर कमरेच्या उंचीला आणा, म्हणजे फुलं वाहायला वाकावं लागत नाही. एकादशीचा उपास साखरेच्या गोळ्या चालू असताना परस्पर धरू नये, डॉक्टरांना विचारा. आणि समई! वात सारताना तेलाचा थेंब फरशीवर पडतो, वॉकरचा पाय नेमका त्यावर येतो. समई ताम्हनात ठेवा, देवापुढचं पायपुसणं उचला.