कडूपणा काढला तर आयपीएत उरतं काय?

गिरगावकर:
शनिवारी अंधेरीत दोन ग्लास शेजारी शेजारी घेऊन बसलो. एक वेस्ट कोस्ट आयपीए (इंडिया पेल एल या प्रकारची बिअर), एक हेझी. वेस्ट कोस्टमधून पलीकडचं टेबल दिसत होतं. नाकाशी नेली तर पपनसाची साल सोलल्यासारखा वास, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी कडूपणा बराच वेळ राहिला. हेझी गढूळ पिवळी, आंब्या-अननसाकडे झुकणारी, गोडसर. चव छान आहे, पण तिला आयपीए का म्हणायचं? कडूपणा हाच या बिअरचा कणा.

ठाण्याची:
अजिबात पटलं नाही. हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती वेलीची फुलं) म्हणजे कडूपणा एवढंच धरून चाललायत तुम्ही. हॉप्स तासभर उकळले की त्यातली अल्फा आम्लं कडू होतात, पण वासाची तेलं वाफेबरोबर उडून जातात. हेझीवाले बहुतेक हॉप्स उकळणं संपता संपता किंवा आंबवताना घालतात, म्हणून ती तेलं ग्लासापर्यंत पोचतात. मऊपणा येतो ओट्स आणि गव्हामुळे. आमटी उकळताना टाकलेली कोथिंबीर आणि उतरवल्यावर वरून भुरभुरलेली, दोन्हींची चव सारखी लागते का?

गिरगावकर:
कोथिंबिरीचं मान्य. पण नावातला ‘इंडिया’ विसरू नका. लंडनहून जहाजाने इकडे येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत, ते ती टिकावी म्हणून. सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीने १९८० साली कॅस्केड जातीच्या हॉप्सची पेल एल केली, तिच्यातही वासाबरोबर कडूपणा होताच. आणि कुरकुरीत बोंबलाबरोबर पिऊन बघा, एका घोटात तोंडातलं तेल साफ होतं. हेझी त्या तेलावर नुसती बसून राहते.

ठाण्याची:
बोंबलाला तुमची घ्या. पण मालवणी मसाल्यातल्या तिसऱ्यांवर कडू आयपीए घेतली की माझं तोंड आणखी भाजतं. तिथे मला हेझीच लागते.

दादरचा:
ताजेपणाबद्दल कुणीच बोलत नाहीये. हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो, उकाड्यात तर फारच झपाट्याने. मे महिन्यात एका दुकानातून हेझीचा कॅन आणला, तो फ्रिजबाहेर मांडलेला होता. उघडला तर आंबा गायब, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. त्याच फळीवरच्या वेस्ट कोस्टमध्ये निदान कडूपणा तरी शिल्लक होता. तेव्हापासून हेझी फक्त टॅपवरची, तीही किती दिवसांची आहे ते विचारून.

ठाण्याची:
मग दोष साठवणीचा झाला, हेझीचा नाही. ताजी प्या आणि मग सांगा. मी माझं मत बदलत नाही.