उत्पादक कंपनीचा नफा: लाभांश, बोनस शेअर की शेअरचे तुकडे?

कापूसमाती: आमसभा आली की कास्तकारांच्या उत्पादक कंपन्यांत, म्हणजे शेतकरीच भागधारक असलेल्या कंपन्यांत, वाद ठरलेला: नफा वाटा की ठेवा. सोपे आकडे धरू. 500 सभासद, प्रत्येकाचे 100 रुपये दर्शनी (शेअरवर लिहिलेल्या) किमतीचे 20 शेअर, म्हणजे भाग भांडवल 10 लाख. मागच्या नफ्यातून साठलेला सामान्य राखीव निधी 6 लाख, यंदाचा कर भरून उरलेला नफा 4 लाख. तिन्ही मिळून भागधारकांचा निधी 20 लाख, त्याला 10,000 शेअरनं भागलं की शेअरची पुस्तकी किंमत 200. माझं मत, दर्शनी किमतीवर 10 टक्के लाभांश, म्हणजे नफ्यातला रोख वाटा द्या. सभासदाला 200 रुपयेच मिळतील, निधी 19 लाखांवर येईल. पण शेअर घेतल्याचं काही हाती तर पडेल.

सरकी_ढेप: भाऊ, नफा 4 लाख आहे, पण बँकेत किती? तूर गोदामात, सरकीचे पैसे व्यापाऱ्याकडे. लाभांश जाहीर केला की 30 दिवसांत द्यावाच लागतो, आणि नेमकं तेव्हाच सोयाबीनच्या चुकाऱ्याला (कास्तकाराला मालाचे पैसे द्यायला) रोकड लागते. चुकारा थकला की माल खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेलाच समजा. दोन शेअरला एक बोनस शेअर फुकट द्या. राखीव निधीतले 5 लाख भांडवलात जातात, रोकड जागची हलत नाही.

सातबारा: मंग मिळालं काय? निधी 20 लाखच. शेअर 15,000 झाले, पुस्तकी किंमत 133 रुपये 33 पैसे. वरून पुढच्या वर्षी त्याच 10 टक्क्यांना 1 लाखाऐवजी दीड लाख लागतील. त्यापेक्षा 100 च्या शेअरचे 10-10 चे तुकडे करा, नवीन कास्तकाराला आत येणं सोपं.

सरकी_ढेप: शेअर बाजाराचं गणित इथं लावू नका. उत्पादक कंपनीचा शेअर बाजारात विकता येत नाही. संचालक मंडळाच्या मंजुरीनं सक्रिय (कंपनीशी व्यवहार ठेवणाऱ्या) सभासदालाच देता येतो, तेही दर्शनी किमतीला. म्हणजे पुस्तकी 200 कागदावरच राहतात. तुकडे केले तर 200 शेअर गुणिले 10, तेच 2,000 रुपये. बोनस दिला तर 30 शेअर, 3,000. मताची काळजी नको, शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच.

तूरडाळ: राजेहो, तुम्ही तिघंही शेअरलाच बक्षीस देऊन राहिले. ज्यानं 20 शेअर घेऊन सगळा कापूस बाहेर विकला, त्यालाही तेवढंच? कायद्यात लाभांशाला मर्यादित परतावा म्हणतात, त्याची कमाल नियमावलीत लिहिलेली असते. हा परतावा आणि राखीव निधी यांची तरतूद झाल्यावर उरलेलं कंपनीला घातलेल्या मालाच्या प्रमाणात वाटता येतं, रोखीत किंवा शेअरमध्ये. 4 लाखांतून 1 लाख राखीव, 6 टक्क्यांनी 60,000 परतावा, उरले 2 लाख 40 हजार. वर्षाची खरेदी 1 कोटी 20 लाख असेल तर शंभरामागे 2 रुपये. 1 लाख 40 हजारांचा माल घालणाऱ्याला 2,800 मिळतात. 200 कुठं आणि 2,800 कुठं!

कापूसमाती: कागदावर झकास. शेअर पोराच्या नावावर, काटापट्टी (मालाच्या वजनाची पावती) बापाच्या नावावर, असं किती ठिकाणी असतं? सभेत तिथंच जुंपते. लाभांशाला सभासद नोंदवही पुरते.

तूरडाळ: काटापट्टीवर सभासद क्रमांक टाकायला पेन लागतो फक्त. खरेदीच्या पहिल्या दिवसापासून टाका, सप्टेंबरात आमसभेच्या तोंडावर शोधत बसू नका.

तेरीज_पत्रक: वाटप कसंही करा, नोंदी तरी नीट ठेवा. मंडळानं सुचवलेला लाभांश 31 मार्चच्या ताळेबंदात देणं म्हणून दाखवू नका. हिशेब मानकातल्या 2016 च्या सुधारणेनंतर तो फक्त ताळेबंदाखालच्या टिपेत येतो. सभेत मंजूर झाल्यावर अधिशेष (शिल्लक नफ्याचं) खातं नावे (डेबिट), देय लाभांश जमा (क्रेडिट). पैसे दिले की देय लाभांश नावे, बँक जमा. बोनसला सामान्य राखीव निधी नावे, भाग भांडवल जमा. तुकड्यांना रकमेची नोंदच नाही, पण घटनापत्रकातलं (मेमोरँडममधलं) भांडवलाचं कलम आणि सभासद नोंदवही बदलावी लागते. आणि सरकारचं समभाग अनुदान (भाग भांडवलाला जोड म्हणून मिळणारं) मिळालं असेल तर ते नफ्यात मिसळू नका. ती रक्कम लाभांशाची नाही, तेरीज (नावे-जमेची बेरीज) जुळली तरी.